कोयना-वारणेच्या भूकंप-अभ्यासाचा इतिहास

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुका आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुका यांच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कड्याला लागून उत्तर-दक्षिण पसरलेला सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद असा एक डोंगरी पट्टा आहे, जो जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांना कोयना-वारणा क्षेत्र या नावाने परिचित आहे. धरणात साठवलेले पाणी जमिनीखालच्या खडकांना हलवू शकते काय, आणि हलवत असल्यास ते नेमके कसे, या प्रश्नाचा शोध जगात अनेक ठिकाणी घेतला गेला; परंतु एकाच ठिकाणी, एकाच जलाशयाभोवती, सहा दशकांहून अधिक काळ तो अखंडपणे घेतला जात आहे असे या पट्ट्याइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. १९६७ च्या विनाशकारी भूकंपामुळे कोयनेचे नाव सर्वदूर झाले हे खरे असले, तरी या खोऱ्याला विज्ञानाच्या इतिहासात जे स्थान मिळाले त्याचे कारण त्या एका पहाटेपुरते मर्यादित नाही. भूकंपाच्या आधीपासून येथे यंत्रे बसलेली होती, भूकंपानंतर ती वाढवली गेली, दर पावसाळ्यात जलाशयाची पातळी आणि जमिनीचे धक्के यांची नोंद शेजारी-शेजारी होत राहिली, आणि त्या नोंदींच्या आधारानेच अलीकडच्या काळात संशोधकांना ३ किलोमीटर खोल विवर खोदण्याइतका नेमका प्रश्न विचारता आला.

खोरे, खडक आणि धरण

कोयना नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि इतर पूर्ववाहिनी नद्यांप्रमाणे लगेच पूर्वेकडे न वळता सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी सरळ दक्षिणेकडे वाहत जाते. हेळवाकजवळ मात्र ती जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला येऊन प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. नदीचा हा सरळ प्रवाह आणि हे एकाएकी घेतलेले वळण भूशास्त्रज्ञांच्या लक्षात फार पूर्वीच आले होते, कारण खडकांत खोलवर असलेल्या भेगांच्या दिशा नद्यांची पात्रे अनेकदा ठरवत असतात. या प्रदेशाचा पृष्ठभाग दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळ्या फत्तराचा, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला असतो, ज्याला विहिरी खोदणारे कारागीर मांजऱ्या म्हणतात. या थरांच्या खाली भारतीय द्वीपकल्पाचा मूळ पाया असलेला, त्यांच्यापेक्षा कितीतरी जुना ग्रॅनाइट-नाइस खडक आहे, आणि कोयनेचे भूकंप प्रामुख्याने या पायाच्या खडकातच होतात.

हेळवाकच्या वरच्या अंगाला, आजच्या कोयनानगरजवळ, १०३ मीटर उंचीचे आणि सुमारे ८०८ मीटर लांबीचे काँक्रीटचे धरण उभारण्यात आले. पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडायचे आणि त्या उतारामुळे मिळणाऱ्या शक्तीतून महाराष्ट्राच्या उद्योगांना वीज पुरवायची, अशी ही योजना होती. धरणामागे तयार झालेल्या शिवसागर जलाशयाची मूळ साठवणक्षमता ९८.७८ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांच्या हिशेबात जवळजवळ ९९ आणि वजनाच्या हिशेबात सुमारे २८० कोटी टन पाणी, इतकी होती. १९६२ मध्ये या जलाशयात पाणी साठू लागले आणि त्यानंतर थोड्याच काळात धरणाच्या आसपासच्या गावांत जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला व लहान-लहान हादरे जाणवू लागले.

यंत्रे आधी, आपत्ती नंतर

त्या काळी दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानले जात असे. हिमालयासारख्या तरुण पर्वतरांगांत, जिथे भूपट्ट एकमेकांवर रेटले जातात, तिथे भूकंप होतात आणि द्वीपकल्पाचा जुना, थंड झालेला खडक स्थिर असतो, अशी शास्त्रीय समजूत होती, आणि धरणांची संकल्पचित्रेही त्याच समजुतीवर आधारलेली असत. अशा परिस्थितीत कोयनेच्या हादऱ्यांकडे दुर्लक्ष होणे सहज शक्य होते. पण खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने धरणाच्या परिसरात भूकंपमापक यंत्रे बसवली. भूकंपमापक म्हणजे जमिनीची अतिसूक्ष्म हालचाल वेळेसह रेखाटणारे यंत्र. भूकंपाच्या जागेवरून निघणाऱ्या लहरींपैकी दाबाच्या प्राथमिक लहरी आधी पोहोचतात आणि खडकाला आडवे हलवणाऱ्या दुय्यम लहरी मागाहून येतात. या दोन लहरींच्या आगमनात १ सेकंदाचा फरक असेल, तर भूकंपाचे केंद्र त्या यंत्रापासून स्थूलमानाने ८ किलोमीटर अंतरावर असते. तीन-चार ठिकाणच्या यंत्रांवरून अशी अंतरे काढली की ज्या जागी ती जुळतात तीच हादऱ्याची जागा ठरते.

या पद्धतीने केलेल्या नोंदींतून असे दिसले की कोयनेचे हादरे दूरवरून येत नाहीत, ते जलाशयाच्या परिसरातच आणि कमी खोलीवर उद्भवतात, आणि जलाशयाची पातळी वाढली की त्यांची संख्याही वाढते. एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवसागर परिसरातील या हालचालींविषयीचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या आधी एक वर्ष. कोयनेच्या इतिहासातील हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आपत्ती ओढवल्यानंतर तिचे कारण शोधत मागे जाणे आणि आपत्तीपूर्वीच कागदावर उतरलेली निरीक्षणे हाताशी असणे यांत फार मोठे अंतर असते. पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचे नाते कोणी भूकंपानंतर सोयीने जुळवले, असा आक्षेप कोयनेच्या बाबतीत घेता येत नाही.

सप्टेंबर १९६७ मध्ये ५ हून अधिक महत्तेचा एक हादरा बसला, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. महत्ता म्हणजे भूकंपात मोकळ्या झालेल्या शक्तीचे माप. त्यातील एका अंकाची वाढ म्हणजे शक्तीत सुमारे ३२ पटींची वाढ असते. लोक झोपेत असताना दगडमातीच्या भिंतींची घरे कोसळली, कोयनानगरची वसाहत आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली, सुमारे २०० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून कितीतरी अधिक जखमी झाली. मुंबई-पुण्याच्या पलीकडेही हा भूकंप जाणवला आणि वीजनिर्मिती थांबल्यामुळे मुंबईच्या उद्योगांना त्याची झळ बसली. डोणीचावाडा परिसरात जमिनीवर भेगा पडल्या, आणि ज्या प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकातील ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकल्या त्या भेगेवर, हा भूकंप झाला तिला पुढे याच गावाचे नाव मिळाले. या प्रस्तरभंगाची दिशा साधारणपणे उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे असून त्याच्या दोन्ही बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या होत्या.

धरणाने नोंदवलेला भूकंप

त्या पहाटे धरणाच्या १-अ क्रमांकाच्या काँक्रीट खंडात बसवलेले त्वरणमापक चालू होते. भूकंपमापक दूरच्या व क्षीण लहरी टिपतो, पण जवळच्या जोरदार धक्क्यात त्याची सुई कागदाबाहेर जाते. अशा वेळी जमिनीला बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या प्रमाणात मोजणारे त्वरणमापकच उपयोगी पडते. कोयनेच्या त्वरणमापकाने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतके कमाल त्वरण नोंदवले. संकल्पचित्र तयार करताना गृहीत धरलेल्या भूकंपबलापेक्षा हे आकडे कितीतरी मोठे होते.

धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या. या भेगांची जागा विशेष बोलकी होती. कोयना धरणाच्या काटछेदात पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर प्रवाहाखालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो, त्यामुळे वरचा भाग खालच्या जाड भागावर मानेसारखा उभा राहतो. भूकंपाच्या धक्क्यात सर्वाधिक ताण याच मानेपाशी एकवटला आणि तिथेच काँक्रीट तडकले. पुढे या भेगांत भराव घालून त्या सांधण्यात आल्या, पूर्वताणित तारांनी उंच खंड आवळण्यात आले आणि मागील बाजूस काँक्रीटचा जाड आधार देऊन धरण बळकट करण्यात आले. कालांतराने सांडव्याच्या भागालाही असाच आधार देण्यात आला. जोरदार धक्क्याची यंत्रनोंद, धरणाची मोजमापे आणि प्रत्यक्ष भेगांच्या जागा या तिन्ही गोष्टी एकाच घटनेबाबत उपलब्ध असणे दुर्मीळ असल्यामुळे, काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम गणिताने काढण्याची नवी पद्धत पारखायची असली की जगातील अभियंते आजही कोयनेचे उदाहरण सोडवून पाहतात. देशातही परिणाम झाला: भारतीय मानक संस्थेच्या भूकंपविषयक संहितेची १९७० मध्ये सुधारणा झाली तेव्हा कोयनेचा परिसर धोक्याच्या चौथ्या विभागात घालण्यात आला आणि द्वीपकल्प सर्वस्वी सुरक्षित असल्याची समजूत नकाशावरून पुसली गेली.

पाणी नेमके काय करते

भूकंपानंतरचा वाद साहजिक होता. हा भूकंप जमिनीखालच्या नैसर्गिक ताणांमुळेच झाला आणि धरणाशी त्याची गाठ योगायोगाने पडली, असे काही तज्ज्ञांचे मत होते. तर जलाशय नसता तर हा भूकंप त्या वेळी झाला नसता, असे इतरांचे म्हणणे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या नोंदींची तुलना जगातील इतर जलाशयांशी करून हा प्रश्न व्यापक केला. अमेरिकेतील हूव्हर धरणामागच्या मीड सरोवराभोवती १९३० च्या दशकातच हादऱ्यांची वाढ दिसली होती. चीनमधील शिनफेंगजियांग येथे १९६२ मध्ये, आफ्रिकेतील करिबा येथे १९६३ मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्टा येथे १९६६ मध्ये जलाशयांजवळ ६ हून अधिक महत्तेचे भूकंप झाले होते. या सर्व ठिकाणी मुख्य धक्क्यापूर्वी आणि नंतर येणाऱ्या लहान धक्क्यांच्या मालिकेत साम्य आढळले. गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी धरणे आणि भूकंप या विषयावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या अभ्यासशाखेचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होऊ लागली. कोयनेचा भूकंप हा जलाशयाशी संबंधित भूकंपांत जगातील सर्वांत मोठा मानला जातो.

पाण्याची भूमिका समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब उपयोगी पडतो. १०० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळावर सुमारे १० वातावरणाइतका दाब टाकतो, तर ५ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच दाब सुमारे १,३०० वातावरणाइतका असतो. म्हणजे जलाशयाने घातलेली भर एक टक्क्याहूनही कमी आहे. इतक्या किरकोळ भाराने अखंड खडक फुटत नाही, आणि भूकंपात मोकळी होणारी प्रचंड शक्ती पाण्यातून येत नाही. ती शक्ती भूपट्टांच्या रेट्यामुळे प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंस आधीच साठलेली असते. घर्षणामुळे त्या बाजू एकमेकींना धरून असतात आणि सरकण्याच्या अगदी बेतात आलेल्या असतात. भेगांतून झिरपलेले पाणी खोल गेले की त्याचा दाब, ज्याला छिद्रदाब म्हणतात, भेगेच्या दोन्ही बाजूंना आतून किंचित दूर ढकलतो, त्यांच्यातील घर्षण कमी होते आणि आधीच बेतात आलेला प्रस्तरभंग निसटतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६० च्या दशकात खोल विहिरीत टाकाऊ द्रव सोडल्यावर भूकंप सुरू झाले, आणि पुढे कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून भूकंपही वाढवता-घटवता येतात हे प्रयोगाने दाखवले गेले; कोयनेच्या स्पष्टीकरणाला या प्रयोगांनी भक्कम आधार दिला.

कोयनेत हा प्रयोग निसर्ग दरवर्षी करून दाखवतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील चार-पाच हजार मिलिमीटर पावसाने जून ते सप्टेंबरमध्ये जलाशय भरतो, वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडले जाऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो उतरतो, आणि धक्क्यांची संख्याही वर्षातून दोनदा, जलाशय भरताना व भरल्यानंतर आणि पुन्हा हिवाळ्यात तो उतरू लागल्यावर, वाढते. पाण्याचा भार तत्काळ जाणवतो, पण छिद्रदाब भेगांमधून खोलवर पसरायला आठवडे-महिने लागतात, म्हणून धक्के पातळीच्या मागोमाग काही अंतराने येतात. पाणी किती वेगाने चढले, पूर्वी कधीही न गाठलेली पातळी गाठली काय आणि उंच पातळी किती काळ टिकली, या तीन गोष्टींवर मोठ्या धक्क्यांची शक्यता अवलंबून असते, असा निष्कर्ष अनेक वर्षांच्या नोंदींतून निघाला. १९७३ चा ५.२ महत्तेचा धक्का, १९८० मधील धक्क्यांची मालिका आणि २००० व २००५ मधील ५ हून अधिक महत्तेचे धक्के याच चौकटीत अभ्यासले गेले. आजवर या छोट्या पट्ट्यात ५ किंवा अधिक महत्तेचे २० हून अधिक, ४ किंवा अधिक महत्तेचे सुमारे २०० आणि त्याहून लहान असे एक लाखाहून अधिक धक्के नोंदले गेले आहेत.

वारणेची साक्ष

कोयनेच्या दक्षिणेस, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात चांदोली येथे वारणा नदीवर मातीचे धरण बांधण्यात आले. सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा होऊन वाहणारी ही नदी अडवल्यावर तिच्या जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी जलाशय प्रथमच उंच पातळीपर्यंत भरला. त्यानंतर कोयनेजवळ केंद्रित असलेल्या धक्क्यांचा दक्षिणेकडे विस्तार झाला. ८ डिसेंबर १९९३ रोजी ५.१ आणि १ फेब्रुवारी १९९४ रोजी ५.४ महत्तेचे भूकंप वारणेच्या परिसरात झाले. कोयनेवरून मांडलेला विचार बरोबर असेल, तर त्याच प्रकारच्या खडकात, त्याच ताणांच्या प्रदेशात दुसरा मोठा जलाशय भरल्यावर काय घडावे याचा अंदाज बांधता येत होता, आणि वारणेने त्याची जणू परीक्षाच घेतली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला झालेल्या भीषण भूकंपाने द्वीपकल्पाच्या स्थिरतेविषयीची उरलीसुरली खात्रीही नाहीशी केली होती. त्यामुळे वारणेच्या नव्या धक्क्यांकडे शासन आणि संशोधन संस्था यांनी तत्परतेने लक्ष दिले आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या क्षेत्रात यंत्रांचे जाळे उभारले.

२००५ पासून हे जाळे अंकीय यंत्रांचे आणि तत्काळ माहिती पाठवणारे झाले. त्यातून ४ महत्तेच्या आसपासच्या काही भूकंपांपूर्वी लहान धक्के एका विशिष्ट जागी एकवटतात असे दिसले. या निरीक्षणावरून गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पमुदतीचे काही अंदाज वर्तवले आणि २००६ मधील एका धक्क्याबाबत असा अंदाज खरा ठरल्याचे प्रसिद्ध केले. मर्यादित क्षेत्र, सतत चालणारे धक्के आणि दाट यंत्रजाळे या कोयनेच्या खास परिस्थितीतच असा प्रयत्न शक्य होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. सहा महत्तेच्या भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगता येईल अशी विद्या जगात कोठेही सिद्ध झालेली नाही.

प्रस्तरभंगाच्या जवळ जाणारे विवर

पृष्ठभागावरच्या यंत्रांनी कितीही नेमकी नोंद केली, तरी ज्या खडकात भूकंप उद्भवतो तो खडक, त्यातील पाणी आणि त्यावरचा ताण यांचे प्रत्यक्ष मोजमाप वरून करता येत नाही. म्हणून खोल विवर खोदून भूकंपाच्या उगमाजवळ यंत्रे नेण्याची कल्पना जगात पुढे आली. रशियातील कोला द्वीपकल्पावर १२ किलोमीटरहून अधिक खोल आणि जर्मनीत ९ किलोमीटरहून अधिक खोल विवरे पृथ्वीच्या कवचाच्या अभ्यासासाठी खोदली गेली होती. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगापर्यंत या शतकाच्या पहिल्या दशकात विवर नेण्यात आले. जलाशयाशी संबंधित भूकंपांसाठी मात्र असा प्रयत्न झालेला नव्हता, आणि कमी खोलीवर, छोट्या क्षेत्रात, ठराविक ऋतूत येणाऱ्या धक्क्यांमुळे कोयना त्यासाठी सर्वांत योग्य जागा होती. मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक विंधन कार्यक्रमाच्या सहकार्याने हैदराबाद आणि कोयना येथे झालेल्या कार्यशाळेत या योजनेची रूपरेषा ठरली.

पहिल्या टप्प्यात ठिकठिकाणी सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची अन्वेषण-विवरे घेण्यात आली आणि त्यांतून खडकाचे गाभे, म्हणजे पोकळ पात्याच्या यंत्राने कापून अखंड बाहेर काढलेले दंडगोल, मिळवण्यात आले. कोयनानगरजवळच्या रासाटी येथील विवरात बेसॉल्टचे थर सुमारे ९३३ मीटरपर्यंत गेले आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. किल्लारीच्या विवरात बेसॉल्ट आणि पायाचा खडक यांच्यामध्ये गाळाच्या खडकाचा पातळ थर सापडला होता. कोयनेत तसा थर आढळला नाही, काळा बेसॉल्ट संपतो आणि त्याला चिकटूनच फिकट रंगाचा, कितीतरी जुना खडक सुरू होतो. लाव्हा येथे पसरला तेव्हा तो उघड्या ग्रॅनाइटवर पसरला, हे या गाभ्यावरून स्पष्ट होते, आणि पाणी वरच्या थरांतून खालच्या भेगांत कसे उतरत असेल याच्या गणितात या संधीच्या स्वरूपाला महत्त्व आहे. वेगवेगळ्या विवरांत बेसॉल्टची जाडी सुमारे ४०० मीटरपासून १,२५० मीटरपर्यंत बदलत गेली, म्हणजे लाव्हाखाली गाडली गेलेली प्राचीन जमीन सपाट नव्हती. काही विवरांत खोल ग्रॅनाइटमध्ये भूकंपमापक बसवण्यात आले. पृष्ठभागावरची वाहने, वारा आणि पावसाचा गोंगाट तिथे पोहोचत नसल्यामुळे अतिशय क्षीण धक्केही टिपता येऊ लागले आणि त्यांच्या जागा अधिक अचूक ठरू लागल्या.

याच कामासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तिच्या देखरेखीखाली गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर खोदण्यात आले आणि २०१७ मध्ये ते पूर्ण झाले. या विवरात १,२४७ मीटरपर्यंत बेसॉल्ट आणि त्याखाली तळापर्यंत २५० ते २७० कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटी खडक लागला. खोलवरच्या पाण्याच्या परीक्षणातून असे दिसले की ३ किलोमीटरपर्यंतचे पाणी मुळात पावसाचेच आहे; म्हणजे सह्याद्रीवर पडणारे पाणी भेगांच्या वाटेने इतक्या खोलवर उतरते आणि फिरते, ही गोष्ट अनुमानाच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आली. खडकातील ताणांच्या मोजमापांनी हा प्रदेश सरकण्याच्या बेतात असल्याचे, म्हणजे दाबातील अल्पशा बदलानेही येथे धक्के चेतवले जाऊ शकतात असे दाखवले. गुहांनी १९६६ मध्ये वरून जे नाते पाहिले होते, त्याची यंत्रणा खालून तपासण्याचे हे पहिले पाऊल होते.

या विवरांनी भूकंपशास्त्रापलीकडेही काही दिले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अन्वेषण-विवरांतील गाभ्यांची तपासणी करून बेसॉल्टमध्ये आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्येही सूक्ष्मजीवांचे अस्तित्व असल्याचे पुरावे २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. सूर्यप्रकाश नाही, सेंद्रिय अन्न जवळजवळ नाही, अशा खडकाच्या बारीक फटींत पाणी आणि खनिजे यांच्यावर जगणारी ही सृष्टी जीवसृष्टीच्या मर्यादांविषयी नवे प्रश्न उभे करते. पथदर्शी विवराच्या अनुभवावरून सुमारे ६ किलोमीटर खोलीच्या मुख्य विवराची आखणी हाती घेण्यात आली. त्या खोलीवर प्रस्तरभंगाच्या प्रत्यक्ष सान्निध्यात दाब, ताण, तापमान आणि पाणी यांची दीर्घकाळ नोंद ठेवणारी वेधशाळा उभारणे हा तिचा हेतू आहे.

इतिहासाचा अर्थ

कोयना-वारणेच्या या साठ वर्षांत प्रश्न दोन वेळा बदलला. आरंभी धरणामुळे भूकंप होऊ शकतो का, असे विचारले जात होते. नंतर जलाशयाची कोणती वर्तणूक धक्क्यांना कारणीभूत ठरते, हे विचारले जाऊ लागले. आता पाणी कोणत्या वाटेने, किती दाबाने आणि किती काळात प्रस्तरभंगापर्यंत पोहोचते, हे मोजून पाहिले जात आहे. प्रत्येक पायरी आधीच्या नोंदींवर उभी राहिली. १९६३ च्या सुमारास बसवलेली यंत्रे नसती तर १९६७ चा भूकंप एक न उलगडलेली आपत्ती राहिला असता; पातळीच्या आणि धक्क्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी ठेवल्या नसत्या तर वारणेचा अर्थ लागला नसता; आणि हे दोन्ही नसते तर विवर कोठे खोदावे हेच ठरवता आले नसते. खडकवासला, हैदराबाद, नाशिक आणि कराड येथील संस्थांमधील ज्या तंत्रज्ञांनी आणि निरीक्षकांनी पावसाळ्यामागून पावसाळे ही यंत्रे चालती ठेवली, त्यांचे श्रम सिद्धांत मांडणाऱ्यांच्या श्रमांइतकेच या ज्ञानाच्या मुळाशी आहेत.

या ज्ञानाची किंमत पाटण तालुक्याने मोजली आहे. तेथील कुटुंबांत आजही जपून ठेवला जाणारा भूकंपग्रस्ताचा दाखला आणि धरणासाठी गाव सोडावे लागलेल्यांचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला हे या इतिहासाचे तितकेच अस्सल दस्तऐवज आहेत, आणि संशोधनाचे ऋण त्या लोकांकडे परत जावे ही अपेक्षा न्याय्य आहे. भूकंपाची घटिका सांगता येत नसली तरी धक्का बसल्यावर कोणती भिंत पडेल हे सांगता येते. १९६७ मध्ये माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली, आणि जोथ्यापासून छपरापर्यंत आडव्या पट्ट्यांनी बांधलेले घर तोच धक्का सहन करू शकते, हे अभियंत्यांना पुरेसे ठाऊक आहे. कोयनानगर, हेळवाक, चांदोली आणि आरळा या परिसरातील प्रत्येक नवी शाळा, दवाखाना आणि घरकुल या ज्ञानाप्रमाणे बांधले जाणे, तसेच विवरांतून निघणारे निष्कर्ष या गावांतील शाळांपर्यंत मराठीत पोहोचणे, हे विवराच्या पुढच्या तीन किलोमीटरइतकेच या संशोधनाचे उरलेले काम आहे.